पहारेकऱ्याने अडविल्यानंतर

संगणकावर किंवा मोबाइल फोनवर एखादे संकेतस्थळ उघडत असता अँटिव्हायरसची सूचना पडद्यावर येते : ‘अपायकारक फाइल अडविण्यात आली आहे.’ ती वाचून काहींना धडकी भरते. काहींना वाटते की संकट टळले, आता करण्यासारखे काही उरले नाही. ह्या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. वाड्याच्या दिंडीदरवाजापाशी एक चोर अडला, एवढेच त्या सूचनेवरून निश्चित होते. तो उंबऱ्याबाहेर अडला की ओसरीवर आल्यानंतर, आणि त्याआधी परसदाराने दुसरा कोणी आत शिरला आहे काय, ह्याचा तपास घरधन्यालाच करावा लागतो.

अपाय करण्याच्या हेतूने लिहिलेल्या आज्ञावलीला मालवेअर म्हणतात. संगणक-विषाणू हा तिचाच एक प्रकार होय. लाहोर येथील दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू 1986 साली फ्लॉपीवरून देशोदेशी पसरला. एका यंत्रातील फ्लॉपी दुसऱ्यात घातली, तरच तो पुढे सरकत असे. 1990 च्या दशकात पुण्यामध्ये संगणक-दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर आणि संगणकशास्त्राचे शिक्षण घेतलेले त्यांचे बंधू संजय काटकर ह्यांनी अशा विषाणूंवर उपाय शोधण्याचे काम हाती घेतले. ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस त्यातूनच निर्माण झाला. पुढे इंटरनेटचा प्रसार झाला आणि मालवेअरला फ्लॉपीची गरज उरली नाही.

अँटिव्हायरस मुख्यतः तीन रीतींनी पहारा करतो. पहिली रीत पत्त्याची : धोकादायक म्हणून नोंद झालेले संकेतस्थळ तो उघडूच देत नाही. दुसरी खुणेची : आलेल्या फाइलमधील मजकूर तो ज्ञात मालवेअरच्या खुणांशी ताडून पाहतो. ‘आयकार’ नावाची 68 अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी-फाइल आहे. तिच्यात अपाय करणारे काहीही नसते, तरी ठरलेली खूण असल्यामुळे अँटिव्हायरस तिला पकडतो. तिसरी रीत वर्तनाची : एखादी आज्ञावली भराभर फाइली बदलू लागली, तर तिला थांबविले जाते. ज्याची खूण अद्याप कोणाकडे नाही असे नवे मालवेअर पहिल्या दोन्ही रीतींतून निसटू शकते. म्हणूनच एक धोका अडला ह्याचा अर्थ सर्व धोके अडले असा होत नाही.

ओळखीचा मार्गही नेहमी निर्धोक असतोच असे नाही. जून 2017 मध्ये ‘नॉटपेट्या’ हे मालवेअर युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातून, म्हणजे विश्वासाच्या वाटेनेच, पसरले. त्याच्या तडाख्यात मर्स्क हा जहाजवाहतूक करणारा समूह सापडला आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. एखाद्या प्रामाणिक संस्थेच्या संकेतस्थळातही परका मनुष्य अशाच रीतीने मालवेअर पेरू शकतो.

धोक्याची सूचना कोठे आणि कोणत्या मनःस्थितीत वाचली जाते, ह्यालाही महत्त्व आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी ज्याचा जीर्णोद्धार केला, त्या काशीच्या मणिकर्णिका घाटाचे उदाहरण घेता येईल. तेथे रात्रंदिवस दहनविधी चालू असतात. अंत्यविधीसाठी तेथे आलेल्या कुटुंबाला निवासाची सोय, परतीची तिकिटे आणि मृत्यूचा दाखला ह्यांची चिंता एकाच वेळी पडते. अशा वेळी दाखला देऊ करणारे एखादे पान उघडताना फोनने धोका दर्शविला, तर शोकाकुल मनुष्य ‘तरीही पुढे जा’ ह्या अक्षरांवर सहज बोट ठेवतो. वस्तुतः मृत्यूची नोंद करण्यास नियमाप्रमाणे 21 दिवसांची मुदत असते. घाईचे कारण नसते. आणि सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी सामान्यतः ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ अशी अक्षरे असतात, ती आधी पाहता येतात.

सूचना आल्यानंतर पुढील क्रम पाळावा. प्रथम ते पान बंद करावे. त्यावरील कोणतेही बटण दाबू नये, आणि अँटिव्हायरस बंद करून ते पुन्हा उघडण्याचा मोह टाळावा. नंतर अँटिव्हायरसची नोंदवही उघडून काय घडले ते वाचावे. केवळ पत्ता अडविला असेल, तर बहुधा काहीच आत आलेले नसते. फाइल वेगळी काढून ठेवली असेल, तर ती परत न घेता नष्ट करावी. आज्ञावली चालू झाल्यावर ती थांबविली असेल, तर मामला गंभीर समजून इंटरनेटची जोडणी तोडावी व जाणकारास यंत्र दाखवावे.

त्यानंतर फोन वा संगणक आणि ब्राउझर अद्ययावत करून संपूर्ण यंत्राची तपासणी करावी. डाउनलोड झालेल्या अनोळखी फाइली, ब्राउझरमधील नवी जोडआज्ञावली आणि त्या संकेतस्थळाला दिलेली सूचना पाठविण्याची परवानगी काढून टाकावी. फोनवर बाहेरून आलेली ‘एपीके’ फाइल मुळीच बसवू नये.

त्या पानावर पासवर्ड किंवा बँकेची माहिती आधीच भरली गेली असेल, तर ती अँटिव्हायरस परत आणून देऊ शकत नाही. अशा वेळी दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून पासवर्ड बदलावा आणि बँकेला तिच्या अधिकृत क्रमांकावर कळवावे. पैसे गेले असल्यास विनाविलंब 1930 ह्या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम रोखून धरण्याची शक्यता कमी. मालवेअर काढून टाकणारी विनामूल्य साधने 2017 साली सुरू झालेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने उपलब्ध करून दिली आहेत.

खोट्या पहारेकऱ्यापासूनही सावध राहावे. ‘तुमच्या फोनमध्ये विषाणू आहेत, ह्या क्रमांकावर बोला’ असे सांगणारे चित्र पुष्कळदा संकेतस्थळानेच दाखविलेले असते. ब्राउझर बंद करताच ते नाहीसे झाले आणि अँटिव्हायरसच्या नोंदवहीत त्याचा मागमूस नसला, तर ती फसवणूक समजावी. खरा अँटिव्हायरस अनोळखी माणसाला फोन करावयास सांगत नाही.

अँटिव्हायरस मनुष्याला विचार करण्यासाठी काही क्षण मिळवून देतो. त्या क्षणांत थांबून सूचना वाचणे, हे काम मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे असते.