आधी गाडी भिंतीपासून काढ

कोल्हापूर

चि. बाळास,

काल रात्री वहिनींचा फोन आला. पुरात बुडालेली इलेक्ट्रिक गाडी लिलावात घेतलीस, गोठ्यात लावलीस आणि रात्री एकटाच बॅटरीचं झाकण खोलत बसतोस म्हणे. अरे, गोठ्याची आणि वहिनींच्या खोलीची भिंत एकच ना!

“आयपी ६७ आहे, आत पाणी जात नाही,” असं त्यांना सांगितलंस. ती चाचणी एक मीटर खोल स्वच्छ पाण्यात अर्ध्या तासाची. कृष्णेचं गढूळ पाणी सांगलीत किती दिवस ठाण मांडतं, हे तुला मी सांगू? पाणी शिरलं की आतून गंज चढतो आणि शॉर्ट कधीकधी काही आठवड्यांनी होतो. बंद गाडीही पेटते. २०२२ साली इयान वादळानंतर फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाड्या अशाच पेटल्या. आपलं पाणी गोडं, म्हणून निर्धास्त राहू नकोस. गाडी सुरू न करता ढकलत घरापासून पंधरा मीटर लांब, उघड्यावर ने. चार्जिंगला लावू नकोस.

नारिंगी केबलला हात लावू नकोस. सर्व्हिस प्लग काढला तरी सेलमधली वीज जात नाही. तीनशे-चारशे व्होल्ट डीसी आहे ते. पॅक कंपनीच्या शिकलेल्या माणसानंच तपासावा. तो ‘पॅक गेला’ म्हणाला, तर गेला. पैसे पुन्हा मिळवशील.

२००५ च्या पुरानंतर माझ्या दुकानात भिजलेल्या पंपांच्या मोटारींचा ढीग होता. बल्ब लावून वाळवायचो. एक वरून कोरडी दिसली, घाईत मेगरनं इन्सुलेशन न तपासताच दादांना दिली. त्यांची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. घरात सगळे स्टार्टरला दोष देतात. स्टार्टर चांगला होता, बाळ. दादांनी जन्मभर कुणाला सांगितलं नाही. फोनवर मलाही बोलवेना, म्हणून हे पत्र.

रागावलो, मनाला लावून घेऊ नकोस. तुझा हात चांगला आहे. सातव्या वर्षी तांब्याच्या तारेची बैलगाडी केली होतीस, ती अजून माझ्या गल्ल्याजवळ आहे.

पत्र घेऊन येणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडू नकोस. आज रात्री वहिनींना घेऊन आत्याकडे झोपायला जा. उद्या पहिल्या एसटीनं मी येतो. मेगर आणत नाही, गाडी ढकलायला येतोय.

तुझा काका