हलकी, पण पुरेशी : साखळी-करवत कशी निवडावी?

पावसाळ्याच्या तोंडी पहिला जोराचा वारा सुटला की आमच्या भिवंडीत कोठे ना कोठे एखादा गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष रस्त्यावर आडवा होतो. वाहतूक अडते, विजेच्या तारा तुटतात. मग झाड तोडणारी माणसे येतात. त्यांच्यापैकी एकाच्या हातात घरघरणारे एक यंत्र असते. कुऱ्हाडीला अर्धा दिवस लागला असता ते काम हे यंत्र तासाभरात करते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कोकणातले कित्येक रस्ते अशाच यंत्रांनी मोकळे केले गेले. हे यंत्र म्हणजे साखळी-करवत, बोलीभाषेत चेनसॉ.

समजा, एखाद्या ग्रामपंचायतीला किंवा गृहनिर्माण संस्थेला अशी करवत घ्यायची आहे. दुकानदार लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन करवती पुढे मांडतो. कोणती घ्यावी? ‘मोठी घ्या, ती सगळे कापील,’ असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. आपण मात्र शाळेत शिकलेल्या पदार्थविज्ञानाला विचारू या.

यंत्राची रचना

एक लहान इंजिन, त्याच्या पुढे पोलादी पट्टी आणि पट्टीच्या कडेने फिरणारी दात असलेली साखळी, एवढीच ही करवत. इंजिन बहुधा दोन धावांचे असते. त्याला झडपा नसतात, तेलाची वेगळी टाकी तळाशी नसते. म्हणून ते हलके होते आणि आडवे-तिरपे धरले तरी चालते. इंजिनाचे कवच पुष्कळदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे करतात. ॲल्युमिनियमची घनता दर घनसेंटिमीटरला २.७ ग्रॅम, तर मॅग्नेशियमची केवळ १.७४ ग्रॅम असते, हे त्याचे कारण.

दातांची गोष्ट मोठी मजेदार आहे. १९४६ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जोसेफ बफर्ड कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका बुंध्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती आपले जबडे एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे चालवीत होती. त्यावरून त्याने एक दात डावा, एक उजवा अशी साखळी बनविली. आजच्या साखळ्या त्याच धर्तीच्या आहेत.

शक्ती किती लागते?

मध्यम करवतीचे इंजिन सुमारे ५० घनसेंटिमीटरचे असते आणि ते अंदाजे २.५ किलोवॅट शक्ती देते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे ही झाली जवळजवळ सव्वातीन अश्वशक्ती. आमच्या गावातल्या साध्या यंत्रमागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर पुरते. तीन मागांची शक्ती एका माणसाच्या दोन हातांत आली, असे समजा!

साखळीचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर असतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून साखळीची ओढ

२५०० ÷ २० = १२५ न्यूटन.

ही ओढ लाकडात शिरलेल्या सगळ्या दातांत वाटली जाते. नेहमीच्या साखळीवर सुमारे ३३ मिलिमीटरला एक दात असतो. २० सेंटिमीटर जाडीची फांदी कापताना ६ दात लाकडात असतात. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २० न्यूटन येतात. ४० सेंटिमीटरच्या बुंध्यात १२ दात, म्हणजे प्रत्येकी १० न्यूटन. याच इंजिनाला कोणी हौसेने लांब पट्टी लावली आणि ६० सेंटिमीटरचा बुंधा कापायला घेतला, तर १८ दातांना प्रत्येकी ७ न्यूटनच उरतील. दात लाकूड कापण्याऐवजी नुसते घासतील. चिंच किंवा बाभळीसारखे कठीण लाकूड असेल तर इंजिन दमून बंद पडेल. पट्टीची लांबी इंजिनाच्या शक्तीला शोभेल अशीच हवी, हा पहिला धडा.

वजन किती पेलते?

आता तीन करवतींचे ठोकळ आकडे मांडू. लहान : १.५ किलोवॅट, ४ किलोग्रॅम. मध्यम : २.५ किलोवॅट, ५ किलोग्रॅम. मोठी : ४ किलोवॅट, ६.५ किलोग्रॅम. शक्तीला वजनाने भागा. दर किलोग्रॅमला अनुक्रमे ०.३८, ०.५ आणि ०.६२ किलोवॅट येतात. म्हणजे मोठी करवतच सरस ठरली की! पण थांबा. माणसाचा हात गुणोत्तर पेलत नाही, वजन पेलतो.

शिवाय माहितीपत्रकात छापलेले वजन बहुधा पट्टी, साखळी, पेट्रोल आणि तेल वगळून असते. मध्यम करवतीच्या ५ किलोग्रॅममध्ये ४५ सेंटिमीटरची पट्टी आणि साखळी यांचे १.२, अर्धा लिटर पेट्रोलचे सुमारे ०.४ आणि पाव लिटर तेलाचे ०.२ मिळवा. हातात येतात ६.८ किलोग्रॅम! पाण्याने अर्ध्याहून अधिक भरलेली घरची बादली दोन हातांनी पुढे धरून तासभर काम करून पाहा, म्हणजे कल्पना येईल.

पट्टीचे वजन आणखी एका प्रकारे छळते. ते हातापासून दूर असते, म्हणून करवतीचे नाक खाली झुकवू पाहते. हे बलाचे आघूर्ण होय. ४५ सेंटिमीटरच्या पट्टीचा गुरुत्वमध्य यंत्राच्या तोंडापासून २२.५ सेंटिमीटरवर धरला, तर आघूर्ण

१.२ × ९.८ × ०.२२५ = सुमारे २.६ न्यूटन-मीटर.

६० सेंटिमीटरच्या पट्टीचे वस्तुमान १.६ किलोग्रॅम आणि अंतर ३० सेंटिमीटर. आघूर्ण सुमारे ४.७ न्यूटन-मीटर. लांबी एकतृतीयांशाने वाढली, पण आघूर्ण पावणेदोन पटींहून थोडे अधिक झाले! कारण लांबीबरोबर वजनही वाढते आणि अंतरही; आघूर्ण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

उलट झटका

‘थोडे जड असले तर काय बिघडले? माणूस दणकट हवा,’ असे तुम्ही म्हणाल. बिघडते ते असे. पट्टीच्या वरच्या कडेने साखळी पुढे धावते आणि नाकावरून वळून खाली येते. नाकाचा वरचा चतुर्थांश भाग एखाद्या फांदीला अवचित टेकला, तर दात तेथे अडकतात. साखळी फांदीला पुढे-खाली ढकलते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार फांदी पट्टीला मागे-वर ढकलते. पट्टी कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते.

साखळीचे वस्तुमान ०.३ किलोग्रॅम धरा. तिची गतिज ऊर्जा

½ × ०.३ × २० × २० = ६० ज्यूल.

६ किलोग्रॅमची वस्तू एक मीटर उचलायला एवढीच ऊर्जा लागते. इंजिनाच्या फिरत्या भागांची ऊर्जा वेगळीच. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. हात आवरायला सवडच मिळत नाही. दमलेल्या हातात नाक झुकते आणि नको तेथे टेकते. लांब पट्टीचे नाक फांदीपलीकडे जाते आणि दिसतही नाही. म्हणजे हलकेपणा ही चैन नव्हे, ती सुरक्षितता आहे.

मग कोणती घ्यावी?

रस्त्यावर पडलेल्या झाडाचे बहुतेक काम १५ ते ४० सेंटिमीटर जाडीच्या फांद्यांचे असते. बुंधा जाड असला तरी तो दोन्ही बाजूंनी कापता येतो. म्हणून ५० घनसेंटिमीटरच्या आसपासचे इंजिन, ४० ते ४५ सेंटिमीटरची पट्टी आणि रिकामे वजन ५ किलोग्रॅमच्या आत, अशी मध्यम करवत निवडावी. झटका बसताच साखळी थांबविणारा ब्रेक आणि कंपने शोषणारी हँडले तिला हवीतच. पट्टी व साखळी चढवून करवत पुढच्या हँडलवर तोलून पाहावी. ती जवळजवळ आडवी राहिली पाहिजे. सोबत कानस घ्यावी, कारण बोथट साखळीपुढे कोणतेही इंजिन दुबळेच. शिरस्त्राण, चष्मा, कान झाकणारी टोपणे आणि खास विजार यांचा खर्चही त्याच हिशेबात धरावा. या विजारीत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागताच धागे ओढले जाऊन दातेरी चाकात गुंततात आणि साखळी थांबते. कापडाच्या गावाला हे वेगळे सांगायला नको!

दोन गोष्टी विसरू नका. हे यंत्र प्रशिक्षित प्रौढ माणसानेच चालवायचे; तुम्ही दुरून पाहा आणि गणित करा. आणि शहरातले उभे झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. करवत हलकी झाली म्हणून झाड स्वस्त होत नाही.

करून पाहा

१. एक मीटरच्या काठीचे एक टोक दोन्ही हातांनी धरा. हातापासून २५ सेंटिमीटरवर १ किलोग्रॅमची पिशवी अडकवा आणि काठी किती वेळ आडवी धरता येते ते मोजा. मग पिशवी ५० सेंटिमीटरवर न्या. वेळ निम्मा झाला की त्याहूनही कमी?

२. ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीवरची करवत १.५ किलोवॅटने सतत कापीत राहिली, तर बॅटरी किती मिनिटे पुरेल? वादळानंतर वीज गेलेल्या गावी या उत्तराचा अर्थ काय होतो, याची वर्गात चर्चा करा.