घरगुती चित्रतबकडी : आवाज व बिटरेट

नागपूर-वर्धा मार्गावरील बुटीबोरी हे औद्योगिक वसाहतीमुळे वाढलेले गाव होय. कारखान्यांतील कामासाठी आलेली कुटुंबे पुढे अन्यत्र गेली, की त्यांची मुलेही शाळा सोडतात. अशा एखाद्या शाळेच्या जुन्या स्नेहसंमेलनाची व्हीएचएस फीत डीव्हीडीवर उतरवावयाची आहे, असे समजू. फीत काळाबरोबर खराब होत जाते आणि पहिलीतील मुलाने म्हटलेल्या कवितेचा आवाज बहुधा त्या एका फितीवरच उरलेला असतो. म्हणून शिक्षकाने हे काम घाईने उरकू नये.

तबकडी तयार झाल्यावर दोन तक्रारी वारंवार येतात. ओठांची हालचाल व शब्द यांचा मेळ बसत नाही. आणि नाच सुरू होताच चित्राचे चौकोनी तुकडे पडतात.

दुसरी तक्रार आधी घ्यावी, कारण ती वरच्या वर्गातील मुलेही गणिताने सोडवू शकतील. साध्या, एका थराच्या डीव्हीडीवर 4.7 अब्ज बाइट, म्हणजेच 37.6 अब्ज बिट मावतात. कार्यक्रम दोन तासांचा, म्हणजे 7,200 सेकंदांचा असल्यास प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला सुमारे 52 लाख बिट येतात. हाच बिटरेट. चित्र व आवाज या दोघांचेही पोट याच शिध्यावर भरावयाचे असते. आवाज पीसीएम पद्धतीने, संक्षेप न करता ठेवल्यास तो एकटाच 15 लाख 36 हजार बिट घेतो आणि चित्र उपाशी राहते. एसी-3 पद्धतीने 1 लाख 92 हजारांत भागते. शालेय कार्यक्रमास तेवढे पुरेसे आहे.

अर्ध्या तासाच्या कार्यक्रमास मात्र हाच हिशेब दोन कोटींहून अधिक उत्तर देतो. ते ग्राह्य नाही. डीव्हीडीची एकूण मर्यादा सेकंदास 1 कोटी 80 हजार बिट आहे. घरी लिहिलेली तबकडी तर त्याआधीच काही यंत्रांत अडखळते. 80 लाखांच्या आत राहणे इष्ट.

आता मेळ न बसण्याविषयी. यात पहिला व शेवटचा कार्यक्रम ताडून पाहावा. अंतर दोन्हीकडे सारखेच असेल तर आवाज तेवढाच पुढेमागे सरकवावा. अंतर वाढत गेले असेल तर फीत संगणकात घेतानाच चूक झाली आहे. येथे दर सेकंदास 25 चित्रे असतात. संगणकावर अन्य कामे चालू असली की त्यांतील काही गळतात. मिनिटास एकच चित्र गळाले, तरी दोन तासांत 120 चित्रे जातात व आवाज 4.8 सेकंद मागे पडतो! अशा वेळी फीत पुन्हा उतरवावी. फीत दुसऱ्यांदा चालण्याच्या स्थितीत नसेल, तर प्रत्येक नाटुकले व गीत वेगळे कापून त्याचा आवाज स्वतंत्रपणे जुळवावा. आवाजाचे नमुने सेकंदास 48,000 घ्यावेत. 44,100 हा आकडा गाण्यांच्या सीडीचा आहे.

प्रथम पुनर्लेखनक्षम तबकडीवर प्रयोग करून ती साध्या यंत्रावर अखेरपर्यंत पाहावी. अलीकडील अनेक संगणकांत तबकडीची सोय नसते. म्हणून एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवावी आणि मूळ फीत कपाटात उभी ठेवावी.