विषबाधा झाली, दोष कुणाचा?

लग्नाच्या पंगतीनंतर पन्नास-साठ माणसांना हगवण-उलट्या सुरू झाल्या की आर्वीत काय किंवा कारंजा-आष्टीत काय, दोन तासांत निकाल लागलेला असतो. कुणी आचाऱ्याला धरतो, कुणी खवा देणाऱ्या गवळ्याला. हा मुलूख गवळाऊ गाईंचा, दुधावर कितीतरी घरे चालतात. अशा घराकडे एकदा बोट दाखवले गेले की गिऱ्हाईक तुटते, मग खरे कारण विहिरीचे पाणी का असेना. म्हणून रोगजंतूची ओळख कशी पटवतात, हे माहीत असलेले बरे.

जंतूचे नुसते नाव कळून भागत नाही. रुग्णाच्या शौचात साल्मोनेला सापडला आणि कोंबडीच्या मांसातही सापडला, एवढ्यावरून दोन्ही एकच ठरत नाहीत. साल्मोनेलाचे अडीच हजारांहून अधिक प्रकार आहेत. दोन घरांचे आडनाव एक असले म्हणून ती भाऊबंद असतातच असे नाही, तसेच हे. शिवाय एकेका प्रकारातही निरनिराळी घराणी असतात. ती ओळखायला जंतूची जनुकेच तपासावी लागतात.

त्याची जुनी रीत अशी : जंतूचा डी.एन.ए. विशिष्ट विकराने कापायचा, तुकडे चायनाग्राससारख्या लिबलिबीत थरात ठेवायचे आणि दिशा बदलत वीजप्रवाह सोडायचा. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात आणि पट्ट्यांची एक नक्षी उमटते. दोन नमुन्यांची नक्षी जुळली तर संशय बळावतो. अमेरिकेत 1993 साली अर्धकच्च्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय पसरून चार मुले दगावली. त्यानंतर 1996 साली तेथे अशा नक्ष्या प्रयोगशाळांनी आपसात ताडून पाहण्याचे ‘पल्सनेट’ जाळे उभे राहिले. आता तर साल्मोनेलाची जवळजवळ 48 लाख अक्षरांची पोथीच वाचतात. दोन पोथ्यांत मोजक्याच अक्षरांचा फरक निघाला, तर दोन्ही जंतूंचा पूर्वज अलीकडचा समजावा.

याचे मोल 2011 साली जर्मनीत कळले. ई. कोलायच्या साथीत 3,800 हून अधिक लोक आजारी पडले, पन्नासावर दगावले. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पेनच्या काकडीला दोषी धरले. काकडीवर ई. कोलाय होताही, पण तपासणीत तो रुग्णांमधल्यापेक्षा वेगळ्या प्रकारचा निघाला. तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल सडून गेला होता. संत्र्याचा भाव एका रात्रीत कोसळताना पाहिलेल्याला त्यांची अवस्था सांगायला नको. पुढे खरे कारण निघाले मोड आलेली मेथी! तिचे बी इजिप्तहून आले होते. गंमत अशी की, बियांवर जंतू सापडलाच नाही. कुणी काय खाल्ले, बी कुठून आले याच्या चौकशीतून माग लागला. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ त्याच मालाचे मोड खाऊन लोक आजारी पडले आणि तेथेही जंतू तोच निघाला.

म्हणजे नुसत्या प्रयोगशाळेवरही विसंबता येत नाही. दुधातला आणि आचाऱ्याच्या पोटातला जंतू जुळला, तरी कुणाकडून कुणाकडे गेला हे नक्षी सांगत नाही. विषमज्वराचा जंतू तर माणसातच राहतो. गाय त्याची धनीण नव्हे. तो दुधात येतो तो रोगवाहकाच्या हातातून नाहीतर पाण्यातून.

हे सारे नमुने मिळाले तरच. पण आपल्याकडे रुग्णाचे शौच आरोग्य खात्याकडे, अन्न अन्न व औषध प्रशासनाकडे आणि जनावर पशुसंवर्धन खात्याकडे. तिन्हींचे जंतू एका टेबलावर आल्याशिवाय तुलना व्हायची कशी? सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला पशुवैद्यकीय. एवढी जवळीक लाभलेल्या जिल्ह्याने ही सांगड घालायला हरकत नाही, असे आम्हांस वाटते.

आपल्या हाती आहे ते एवढे. रुग्णाला जलसंजीवनी लगेच सुरू करावी, दवाखान्यात न्यावे. नमुन्यासाठी उपचार थांबवू नयेत. मात्र जमल्यास प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी शौचाचा नमुना द्यावा. प्रत्येक पदार्थ थोडा थोडा वेगवेगळ्या स्वच्छ, झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा आणि सरकारी दवाखान्यात कळवावे. भांडी घासण्याची व उरलेले अन्न गाईम्हशींपुढे टाकण्याची घाई त्या दिवशी करू नये.