अथानासिआ : नुसतं न मरणं पुरेल का?

आजचे वचन : १ करिंथ १५:५०-५८



आजचा उतारा आपण बहुतेक वेळा दफनभूमीतच ऐकतो. पाळक वाचत असतात, कुणीतरी रडत असतं, आणि शब्द डोक्यावरून निघून जातात. म्हणून आज घरी बसून, शांतपणे, त्यातल्या एकाच शब्दापाशी थांबू या. बायबल अ‍ॅप उघडा आणि ५३ वं वचन समोर ठेवा.

पौल सांगतो की हे जे मर्त्य आहे, त्याला अमरत्व अंगावर घालावं लागणार आहे. मूळ ग्रीकमध्ये इथे शब्द आहे 'अथानासिआ'. 'थानातोस' म्हणजे मरण आणि पुढचा 'अ' नकाराचा. आपल्या 'अमर' मधला 'अ' आणि हा 'अ' भाषेच्या नात्याने सख्खे भाऊ आहेत, त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द चटकन कळतो. चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनाशियसचं नावही याच शब्दावरून आलेलं. (त्याला पाच वेळा हद्दपार केलं होतं, पण ते पुन्हा कधीतरी.)

आता एक गोष्ट बघा. अख्ख्या नव्या करारात हा शब्द फक्त तीन वेळा येतो. दोनदा इथेच, ५३ आणि ५४ व्या वचनात, आणि एकदा १ तीमथ्य ६:१६ मध्ये. आपण चर्चमध्ये 'अमर आत्मा' इतक्या सहज म्हणतो, की हा शब्द पानोपानी असेल असं वाटतं. पण या तिन्ही ठिकाणी तो आत्म्याला लावलेलाच नाही!

करिंथच्या लोकांना हा शब्द नवा नव्हता. होमरच्या काव्यात देवांना 'न मरणारे' म्हणतात. प्लेटोच्या 'फायडो' या ग्रंथात सॉक्रेटिस विष पिण्याच्या दिवशी मित्रांशी बोलत बसतो, तो विषय हाच, की आत्मा मरत नाही. म्हणजे अमर असतात ते देव, फार तर आत्मा. शरीर? ते एकदा सुटलं की बरं. अथेन्समध्ये पौलाने मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा विषय काढला तेव्हा काही जण हसले, हे प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये आहेच. आणि करिंथच्या मंडळीतही काही जण मेलेल्यांचं पुनरुत्थान नाही असं म्हणत होते (१५:१२). त्यांच्यासाठी पौल देवांचा तो शब्द उचलतो आणि चक्क शरीराला लावतो. मूळ भाषेत ५३-५४ मध्ये तो चार वेळा 'हे' म्हणतो. हे विनाशी, हे मर्त्य. जणू स्वतःच्या हाताकडे बोट दाखवून बोलतोय.

पण तो एका शब्दावर थांबत नाही. अथानासिआच्या आधी, दोन्ही वचनांत, दुसरा शब्द येतो, 'अफ्थार्सिआ'. आपल्या मराठी शास्त्रातही हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, अविनाशीपण आणि अमरत्व. वाचताना आपण दोन्ही एकच समजून पुढे जातो. एकच असते तर पौलाने दोन का लिहिले असते?

'फ्थोरा' म्हणजे नासणं, सडणं, कुजणं, बिघडणं. फळ सडतं तेही आणि माणूस बिघडतो तेही. याच अध्यायात ३३ व्या वचनात वाईट संगतीने चांगली वागणूक बिघडते असं आहे ना, तिथलं क्रियापद याच घराण्यातलं. रोम ८:२१ मध्ये सगळी सृष्टी ज्याच्या गुलामीतून सुटायची वाट बघतेय, ती फ्थोराच. करिंथजवळ इस्थमियन खेळ भरायचे, तिथे जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळायचा. तो काही दिवसांत वाळायचा. ९:२५ मध्ये पौल तसल्या मुकुटाच्या उलट न नासणारा मुकुट सांगतो, तेव्हाही शब्द याच मुळातला आहे.

म्हणजे अथानासिआ म्हणजे न मरणं आणि अफ्थार्सिआ म्हणजे न नासणं. पहिलं मिळालं आणि दुसरं नाही मिळालं तर काय होतं? ग्रीकांकडे याची एक कथाच आहे. पहाटेची देवी एओस हिने आपल्या प्रियकरासाठी, टिथोनससाठी, झ्यूसकडे अमरत्व मागितलं, पण तारुण्य मागायला विसरली. तो म्हातारा होत गेला, हातपाय हलेनात, आणि मरण मात्र येईना. आणि आपल्याकडे अश्वत्थामा! चिरंजीव, पण कपाळावरची जखम भरत नाही आणि तो दारोदार तेल मागत फिरतो, असं आपण लहानपणी ऐकलेलं असतं. या कथा आपल्या शास्त्रातल्या नाहीत, पण माणसाची भीती त्यांनी बरोबर ओळखली आहे.

माझी आजी शेवटची दोन वर्षं अंथरुणावरच होती. पाठीला जखमा झाल्या होत्या, आमची नावं विसरायची. प्रार्थनेला येणारी माणसं प्रेमाने तिच्यासाठी दीर्घायुष्य मागायची. ती गेल्यावर आजी माझा हात धरून म्हणायची, "नको गं पोरी, आता नेऊ दे मला." तिचा विश्वास कमी पडला असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. नासत राहून जगत राहणं तिला नको होतं. असं अमरत्व देवाने तिला देऊ केलेलंच नाही. "कायम जगून बोअर नाही का होणार?" असं मित्र विचारतात, तेव्हाही बहुतेक वेळा त्यांच्या डोळ्यांसमोर आत्ताचंच आयुष्य लांबवलेलं असतं, तेच ऑफिस, तीच लोकल, तेच दुखणं. पौल जे सांगतोय ते ताणलेलं आयुष्य नाही. बी पेरलं जातं ते नासणाऱ्या अवस्थेत आणि उठतं ते न नासणाऱ्या (१५:४२).

आता तिसरी जागा. १ तीमथ्य ६:१६ मध्ये म्हटलंय की अथानासिआ एकट्या देवाकडे आहे. एकट्याकडे! त्या काळी रोमी सम्राट मेल्यावर त्यांना देव ठरवायची रीत होती, ऑगस्टसला ठरवलं, क्लौद्यालाही. तीमथ्य ज्या इफिसात होता तिथे सम्राटांची पूजा व्हायची. त्या गावात हे लिहिणं साधं नव्हतं.

मग देवाने निर्माण केलेला आत्मा अमर की नाही, यावर मंडळ्यांमध्ये जुने मतभेद आहेत. मला स्वतःला ही दोन वचनं शेजारी ठेवली की एवढं स्पष्ट दिसतं : अमरत्व ही आपली मालमत्ता नाही. म्हणूनच पौल 'परिधान करणे' हे क्रियापद वापरतो. कपडा बाहेरून येतो, कुणीतरी देतो. आणि कपडा घातल्यावर आतला माणूस तोच राहतो. माझी आजी आजीच असेल, जखमांशिवाय, आमची नावं आठवणारी.

जाता जाता एक निरीक्षण. तीमथ्याच्या पत्रात अथानासिआच्या अगदी पुढच्याच वचनात श्रीमंतांना ताकीद आहे, की चंचल पैशावर आशा ठेवू नका. आणि करिंथच्या पत्रात पंधरावा अध्याय संपला की सोळाव्याची सुरुवात कशाने होते? यरुशलेममधल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं, असं पौल सांगतो. मूळ पत्रात अध्यायांचे आकडे नव्हते, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या कानावर हे सगळं एका दमात पडलं असणार.

उद्या १६:१-४ वाचू या.