आरोग्ययोजना आणि परिसराचे रक्षण

रुग्णालय हे रोगनिवारणाचे स्थान असले, तरी रोगकारक वस्तूंचा मोठा संचयही तेथेच होत असतो. रक्ताने भिजलेला कापूस, वापरलेल्या सुया, प्रयोगशाळेत वाढविलेले जंतू, मुदत संपलेली औषधे आणि फुटलेल्या तापमापकातील पारा अशा अनेक वस्तू रुग्णालयाच्या नित्य व्यवहारातून बाहेर पडतात. त्यांची व्यवस्था नीट लागली तर कोणालाही उपद्रव होत नाही. ती लागली नाही तर एका रुग्णास बरे करीत असतानाच दुसऱ्या निरोगी माणसास आजारी पाडण्याचा प्रसंग येतो.

आरोग्ययोजनेचे यश साधारणतः किती खाटा वाढल्या, किती प्रसूती सुखरूप झाल्या, किती बालकांना लस मिळाली, यावरून मोजले जाते. ही मोजणी योग्यच आहे. परंतु रुग्णालयामागील ओढ्याचे पाणी, कचरा वेचणाऱ्या स्त्रीच्या बोटात रुतलेली सुई किंवा इमारतीसाठी ज्याची जमीन गेली तो शेतकरी, यांची नोंद त्या तक्त्यात आपोआप होत नाही. योजनेमुळे कोणाला कोणता अपाय संभवतो याचा विचार पायाचा दगड बसण्यापूर्वीच करावा, आणि तो टाळण्यासाठी लागणारा पैसा, माणसे व वेळ यांची सोय मूळ आराखड्यातच असावी, या पद्धतीला पर्यावरणीय व सामाजिक संरक्षक तरतुदी असे म्हणतात.

योजनांचा विस्तार

भारतातील ग्रामीण आरोग्यव्यवस्थेचा आराखडा भोर समितीने १९४६ मध्ये मांडला. १९५२ मध्ये समूहविकास कार्यक्रमाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडण्यास प्रारंभ झाला. पुढे ठरलेल्या प्रमाणानुसार सपाटीच्या प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ व आदिवासी प्रदेशात २०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. उपकेंद्रासाठी हेच प्रमाण अनुक्रमे ५,००० आणि ३,००० असे आहे. १९९० नंतरच्या दशकात आंध्र प्रदेश, कर्नाटक, पंजाब, पश्चिम बंगाल, ओरिसा, महाराष्ट्र इत्यादी राज्यांनी जागतिक बँकेचे कर्ज घेऊन तालुका व जिल्हा पातळीवरील रुग्णालयांच्या सुधारणेची कामे हाती घेतली. नव्या शस्त्रक्रियागृहांबरोबर आणि प्रयोगशाळांबरोबर त्यांतून निघणारा कचराही वाढला. या कचऱ्याचे काय करावे, हा प्रश्न त्यामुळे आरोग्ययोजनांचाच एक भाग होऊन बसला.

कचऱ्याचे स्वरूप

रुग्णालयातील सर्वच कचरा घातक असतो ही समजूत बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्यातील सुमारे ८५ टक्के भाग घरगुती कचऱ्यासारखाच असतो: कागद, अन्नाचे अवशेष, वेष्टने. उरलेला सुमारे १५ टक्के भाग संसर्गजन्य, विषारी अथवा किरणोत्सर्गी असतो. येथे एक साधे गणित ध्यानात घेण्याजोगे आहे. समजा, एका रुग्णालयात दिवसाला १०० किलो कचरा निघतो. तो उगमापाशीच वेगळा केला, तर १५ किलोंवरच विशेष प्रक्रिया करावी लागेल. पण सर्व कचरा एकाच पिंपात पडला, तर रक्ताचा स्पर्श झालेला कागदही घातक ठरतो आणि संपूर्ण १०० किलो कचरा घातक मानावा लागतो. म्हणून वर्गीकरण हा या शास्त्राचा पहिला नियम होय. तो पाळण्यास मोठे यंत्र लागत नाही. योग्य जागी योग्य रंगाची पिशवी आणि शिकविलेला माणूस लागतो.

सर्वांत भय सुईचे असते. वापरलेल्या सुईच्या पोकळीत राहिलेले सूक्ष्म रक्तही कावीळ अथवा एड्स यांचे विषाणू दुसऱ्याच्या शरीरात पोहोचविण्यास पुरेसे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २००० साली जगभर दूषित इंजेक्शनांमुळे ‘ब’ प्रकारच्या काविळीचा संसर्ग २ कोटी १० लाख लोकांना, ‘क’ प्रकारच्या काविळीचा २० लाखांना आणि एड्सच्या विषाणूचा २ लाख ६० हजारांना झाला. सुरक्षित इंजेक्शनांचा प्रसार झाल्यावर हे आकडे पुष्कळ उतरले; २०१० साठी केलेल्या अंदाजात ‘ब’ काविळीची संख्या १७ लाखांवर आली. परंतु दक्षता ढळली की धोका परत येतो. २००९ च्या प्रारंभी गुजरातमधील मोडासा परिसरात ‘ब’ काविळीची साथ पसरली आणि तीत अनेकांचे प्राण गेले. दूषित सिरिंजांचा पुनर्वापर हे या साथीचे कारण असल्याचे तपासात पुढे आले.

जुन्या यंत्रांचीही अशीच कथा आहे. ब्राझीलमधील गोयानिया शहरात एका किरणोपचार केंद्राने जागा बदलताना आपले जुने यंत्र मागेच सोडले. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये भंगार म्हणून ते फोडण्यात आले. आतील सीझियम-१३७ या द्रव्याची निळसर चकाकी पाहून लोकांनी ते कुतूहलाने घरोघरी नेले. सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली, २४९ जण दूषित आढळले आणि चौघांचा मृत्यू झाला. यंत्र विकत घेतानाच त्याच्या अखेरच्या विल्हेवाटीचा विचार व्हावा लागतो, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

उपायातून उद्भवणारा अपाय

कचरा जाळून टाकावा म्हणजे प्रश्न मिटेल, असे प्रथमदर्शनी वाटते. १ मार्च १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या स्वच्छतेविषयीच्या एका खटल्यात ५० अथवा अधिक खाटांच्या रुग्णालयांना कचरा जाळण्याची भट्टी किंवा तितकीच प्रभावी अन्य व्यवस्था बसविण्याचा आदेश दिला. कचरा उकिरड्यावर उघडा पडण्यापेक्षा ही सुधारणा होती, यात शंका नाही. परंतु रुग्णालयांतील अनेक नळ्या व पिशव्या क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकच्या असतात. हे प्लॅस्टिक कमी तापमानावर जळाले, तर डायॉक्सिन व फ्युरान या गटांतील अत्यंत विषारी संयुगे तयार होतात. ती धुराबरोबर पसरतात, गवतावर व पाण्यावर बसतात आणि दूध, मासे यांच्या मार्गाने मनुष्याच्या शरीरातील चरबीत साठतात. भट्टी रुग्णालयाच्या आवारात असेल, तर हा धूर प्रथम शेजारच्या वस्तीवर उतरतो.

यावरून असे दिसते की, संरक्षक उपायाचीही परीक्षा करावी लागते. पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ याखाली जुलै १९९८ मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याविषयीचे नियम आले. त्यांची जागा मार्च २०१६ मध्ये नव्या नियमांनी घेतली. या नियमांनुसार भट्टीच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १,०५० अंश सेल्सियस तापमानात वायू किमान दोन सेकंद राहिला पाहिजे आणि धुराडे जमिनीपासून निदान ३० मीटर उंच पाहिजे. क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा वापर टप्प्याटप्प्याने थांबविण्याची तरतूदही त्यांत आहे. तसेच ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल, तर रुग्णालयाने स्वतःचे वेगळे केंद्र उभारू नये, असे ठरविण्यात आले. लहान लहान सदोष भट्ट्यांपेक्षा नीट देखरेखीखालील एक मोठे केंद्र बरे, हा त्यामागील विचार होय.

रंगांची व्यवस्था

२०१६ च्या नियमांत कचऱ्याचे चार रंगांत वर्गीकरण केले आहे. पिवळ्या पिशवीत शरीराचे अवयव, रक्ताने भिजलेल्या पट्ट्या आणि मुदतबाह्य औषधे जातात. त्यांचे मुख्यतः दहन होते. लाल पिशवीत नळ्या, हातमोजे आणि सुईविरहित सिरिंज अशा प्लॅस्टिकच्या वस्तू पडतात. त्यांचे निर्जंतुकीकरण करून तुकडे करतात, म्हणजे त्या पुन्हा विकल्या जाण्याची भीती राहत नाही. सुया व पाती यांसाठी भोक न पडणारे पांढरे पात्र असते, तर काच व धातूची रोपणे यांसाठी निळे.

निर्जंतुकीकरण वाफेने होते. साध्या पद्धतीच्या यंत्रात १२१ अंश सेल्सियस तापमान व प्रत्येक चौरस इंचास १५ पौंड दाब असताना कचरा किमान ६० मिनिटे ठेवावा लागतो. यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी अतिशय चिवट जंतूंचे बीजाणू आत ठेवतात. ते मेले, तरच इतर जंतूही मेले असे मानता येते.

मे २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत देशात केवळ त्या रोगाशी संबंधित कचराच दररोज सुमारे २०० टन निघत होता. साथीच्या काळात व्यवस्था नव्याने उभी करता येत नाही. आधीच उभी असलेली व्यवस्थाच वाढविता येते, हे त्या वेळी दिसून आले.

दुर्गम भागातील केंद्र

ज्या दुर्गम केंद्रापर्यंत सामायिक केंद्राची गाडी पोहोचत नाही, तेथे खोल पुरण्याची पद्धत मान्य आहे. खड्डा सुमारे दोन मीटर खोल असावा. तो कचऱ्याने अर्धा भरल्यावर पृष्ठभागापासून ५० सेंटीमीटरपर्यंत चुना घालावा आणि उरलेला भाग मातीने भरावा. भूजलाची पातळी खड्ड्याच्या तळाखाली किमान सहा मीटर असली पाहिजे. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आणि दुर्लक्षिली जाण्याचा संभव असलेली आहे. पावसाळ्यात विहिरीला काठापर्यंत पाणी येते अशा गावी ती पाळता येणार नाही. तेथे कचरा वाहून नेण्याचीच व्यवस्था केली पाहिजे. ही गोष्ट जागा निवडतानाच समजावी लागते. इमारत बांधून झाल्यावर भूजल खाली नेता येत नाही.

माणसांचे रक्षण

परिसर म्हणजे केवळ माती व पाणी नव्हे. त्यात राहणारी माणसेही त्यात येतात. जमीन हा त्यांतील पहिला विषय. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्यात भरपाई आणि पुनर्वसन यांबरोबर सामाजिक परिणामांच्या मूल्यमापनाची तरतूद आहे. अनुसूचित क्षेत्रांत जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा, असे १९९६ च्या कायद्याने ठरविले आहे. सरकारी जमीन ‘मोकळी’ असे कागदावर लिहिलेले असले, तरी तेथे कोणाची गुरे चरत असतात आणि कोणाची झोपडी उभी असते. म्हणून कागद पाहण्याबरोबर प्रत्यक्ष जागेवर जाऊन विचारणे अवश्य ठरते.

दुसरा विषय सेवा घेणाऱ्यांचा. इमारत उभी राहिली म्हणजे लोक येतीलच असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. आदिवासींना मोठ्या रुग्णालयाचे भय वाटते, हे लोकांशी बोलल्यावर तिच्या ध्यानात आले. म्हणून लोकांच्या सूचनेप्रमाणे रुग्णालय त्यांच्या खेड्यातील घरांच्या धर्तीवर बांधण्यात आले आणि त्यास दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. महाराष्ट्रातील आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात गर्भवती स्त्रीने प्रसूतीपूर्वी येऊन राहावे यासाठी ‘माहेरघर’ची योजना झाली, तीही याच विचाराची. अंतर, भाषा, खर्च आणि संकोच हे अडथळे आराखडा काढतानाच विचारात घ्यावे लागतात.

तिसरा विषय कामगारांचा. कचरा उचलणारा सफाई कामगार रुग्णालयाच्या उतरंडीत सर्वांत खाली असतो, पण धोका त्याला वारंवार पोहोचतो. २०१६ च्या नियमांनी कचरा हाताळणाऱ्यांचे ‘ब’ कावीळ व धनुर्वात यांविरुद्ध लसीकरण, संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि वार्षिक आरोग्यतपासणी बंधनकारक केली आहे. कंत्राटदाराकडून आलेला कामगारही यातून सुटता कामा नये.

आधी विचार, मग बांधकाम

जागतिक बँकेची २०१६ मध्ये मंजूर झालेली आणि ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेली चौकट दहा मानकांची आहे. मूल्यमापन, कामगारांची स्थिती, प्रदूषणनियंत्रण, लोकांची सुरक्षितता, भूसंपादन, आदिवासींचे हित आणि माहितीची जाहीरता इत्यादी विषय तिच्यात येतात. परकीय कर्ज असो वा नसो, यामागील प्रश्न प्रत्येक योजनेस लागू पडतात. अपाय कोणाला होईल? तो टाळता येईल का? टाळता येत नसेल, तर कमी कसा करावा? तरीही जे नुकसान उरेल, त्याची भरपाई कशी करावी? आणि तक्रार असलेल्या माणसाने कोणाकडे जावे? यांची उत्तरे लोकांना समजेल अशा भाषेत गावातच उपलब्ध असली पाहिजेत.

या तरतुदींमुळे कामास विलंब होतो, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. काही विलंब होतो, हे खरे आहे. आणि जेथे प्रसूतीसाठी स्त्रीला अनेक मैल जावे लागते, तेथे एका वर्षाचा विलंबही लहान नव्हे. म्हणून मूल्यमापन कामाच्या आकाराप्रमाणे असावे. उपकेंद्राची एक खोली बांधण्यास जिल्हा रुग्णालयाएवढी चौकशी नको. पण विहीर कोठे आहे, कचरा कोठे जाईल आणि जागा कोणाची आहे, हे तीन प्रश्न तेथेही विचारलेच पाहिजेत. ते विचारण्यास एक दिवस पुरतो. ते न विचारल्यास दूषित झालेली विहीर पुन्हा पिण्यायोग्य होण्यास अनेक वर्षे लागतात, आणि तोवर तिचे पाणी पिऊन आजारी पडलेले लोक त्याच नव्या केंद्राच्या दारात उभे राहतात.

अभ्यासासाठी प्रश्न

१. रुग्णालयातील कचरा उगमापाशीच वेगळा का करावा? उदाहरण देऊन स्पष्ट करा.

२. क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक जाळण्यात कोणता धोका आहे?

३. कचऱ्याच्या खड्ड्याचा तळ आणि भूजलाची पातळी यांत ठरावीक अंतर का राखावे लागते?

४. जवळच्या आरोग्य केंद्रास शिक्षकांसह भेट देऊन तेथील चार रंगांच्या पात्रांची व्यवस्था पाहा. कोणत्याही पात्रास हात लावू नये. पाहिलेल्या गोष्टींची टिपणे काढा.