पोलिसांचा बळी का जातो?

सुरतेच्या चौकात आम्ही पोलीस रोज पाहतो. ज्याला तो अडवितो, तो वाटसरू की मारेकरी, हे जवळ गेल्यावाचून त्यास कळत नाही. आणि जवळ जाणे हेच त्याचे कर्तव्य. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हाती केवळ लाठी होती. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली; स्वतः प्राणास मुकले, पण सहकारी वाचले. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी वाहने जाळली. तिकडे धावलेले १५ पोलीस वाटेत पेरलेल्या भूसुरुंगाने मारले गेले. पोलीस येणारच, हे घातक्यास ठाऊक असते. म्हणून केवळ गुणगान पुरेसे नाही. त्यांना पुरेशी शस्त्रे व चिलखत देणे, हे आम्हां नागरिकांचे ऋण होय.